डेकखालचं मुंगूस

पार्सिपनी
बुधवार दुपार, ऑक्टोबर १९८६

प्रिय वीणा,

रविवारी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास तू हातातला चहाचा ट्रे जराही न हलवता टीपॉयवर ठेवलास. त्या क्षणी माझं सगळं बदललं. घरभर तो वास, खंडू कार्पेटवर पाठ घासत लोळतोय, प्रतिमाबाई पदर नाकाला लावून 'अगंबाई, अगंबाई' करतायत, तुला बघायला आलेला त्यांचा तो नरेंद्र बाथरूम शोधत पळतोय आणि तुझे बाबा माझ्याकडे बोट दाखवून ओरडतायत, "हा सगळा याचा उद्योग! दुकानातून कसलं तरी केमिकल आणून फासलंय कुत्र्याला!" मी तुझ्याकडे पाहिलं. तू कपांकडे पाहिलंस. एकही कप हिंदकळला नव्हता, बशीत थेंब नव्हता. गेले तीन दिवस मी त्या कोरड्या बशांशी मनातल्या मनात भांडतोय.

वर 'प्रिय' लिहिलंय ते दोनदा खोडून परत लिहिलं. दुसरा शब्द येत नाही, याचाही रागच येतो मला. राग येणं हे माझं एकच काम उरलंय असं तुझे बाबा, आमचे हेमचंद्रकाका, म्हणतात. मार्चपर्यंत मी या घरात 'आमचा चारू, इंजिनिअर होतोय' होतो. मग त्या प्रोफेसरने भर वर्गात माझ्या उच्चारांची नक्कल केली, मी पेपर त्याच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो आणि परत गेलो नाही. चूक होती, हे मला वर्गाच्या दारातच कळलं होतं, पण वळलो नाही. तेव्हापासून हेमचंद्रकाका माझी ओळख करून देतात, "मित्राचा मुलगा. सध्या आमच्या बेसमेंटमध्ये असतो." आपल्याकडचा ओल शोषणारा डीह्युमिडिफायर जसा बेसमेंटमध्ये असतो, तसा. माझे आईबाबा तिकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलमध्ये. बाबांना फोन केला की आईकडे देतात. या सहा-सात महिन्यांत माझ्याशी सरळ माणसासारखं कोणी बोललं असेल तर तू आणि खंडू. म्हणून जास्त लागलंय, समजलं?

जून आठवतो का तुला? खंडूने पहिल्यांदा डेकखाली नाक खुपसलं तो दिवस? मी मागच्या अंगणात होतो. स्कंकने आधी पुढचे पाय जमिनीवर आपटले, शेपटी उभी केली. बिचाऱ्याने पुरेशी सूचना दिली होती. आपला खंडू मूर्ख, त्याला वाटलं खेळायला बोलावतोय. मग शेपटीखालून तोंडावरच फवारा. जळालेलं रबर आणि करपलेला लसूण एकत्र कोणी नाकात कोंबावा तसं. तू कॉलेजचे चांगले कपडे घालून ड्राइव्हवेवर धावत आलीस आणि मी सुपरमार्केटमधून टोमॅटो ज्यूसचे डबे उचलून आणले, कारण शेजारच्या गोऱ्या बाईने तोच उपाय सांगितला. प्लास्टिकच्या टबात खंडू आणि त्याच्यावर आपण दोघं ज्यूस ओततोय. सुचित्राकाकू, तुझी आई, खिडकीतून म्हणाल्या, "छान, कुत्र्याचं सार केलंत! आता वरून हिंग-जिऱ्याची फोडणी द्या." तू इतकी हसलीस की ड्राइव्हवेवरच बसलीस. शेवटी तू म्हणालीस, "चारू, वास गेला!" मी म्हटलं, गेला नाही, आपलं नाक थकलंय. तू खरं-खोटं करायला तुझा लाल झालेला तळहात माझ्या नाकापुढे धरलास. मग तो खाली घेतला नाहीस. मीही मान मागे घेतली नाही. यापलीकडे काही झालं नाही. पण त्यानंतर रोज संध्याकाळी आपण खंडूला फिरवायला जायचो आणि तो दमला तरी आपण परत फिरत नव्हतो, ते काय कुत्र्याला व्यायाम म्हणून?

त्या प्राण्याने डेकखाली घर केलंय हे मी काकांना तेव्हाच सांगितलं. ऑगस्टमध्ये आमच्या हार्डवेअरच्या दुकानातून बारीक जाळीची गुंडाळीही आणली. डेकच्या कडेने हातभर खणायचं, जाळी पुरायची, एका बाजूने बाहेर जायला वाट ठेवायची आणि तो चरायला बाहेर पडला की ती बुजवायची. एका शनिवारचं काम. काका म्हणाले, "आत्ता नको. ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलँडचे लोक येणार आहेत, अंगण उकरलेलं दिसेल." क्लीव्हलँडचे लोक कोण, हे मला त्या दिवशी जाळीवरून कळलं, वीणा. तुझ्याकडून नाही. तू दुसऱ्या दिवशी फिरताना म्हणालीस, "अरे यार, नुसतं बघायला येणार आहेत. आय विल हँडल इट." मी विश्वास ठेवला. मला विश्वास ठेवायला फार वेळ लागत नाही, तेवढाच राग यायलाही लागत नाही.

रविवारचं मी कुठून बघितलं ते तुला माहीत आहे. काकांनी सकाळीच सांगितलं होतं, "पाहुणे असेपर्यंत तू खालीच थांब आणि कुत्र्याला सांभाळ." म्हणून मी लाँड्री रूममध्ये, ड्रायरवर बसून, खंडूचा पट्टा खिळ्याला अडकवलेला. जिन्याचं दार उघडं होतं, त्यामुळे वरचं सगळं ऐकू येत होतं, आणि खिडकीतून डेक दिसत होता. नरेंद्रची हॉस्पिटलमधली रेसिडेन्सी, नरेंद्रची नवी गाडी, नरेंद्रला भाकरी आवडते. मग एकदम प्रतिमाबाईंचा आवाज, "अगंबाई, मुंगूस! ते बघा, मुंगूस आडवं गेलं! मुलगी बघायला आलो आणि मुंगूस!"

नागपूरहून येऊन त्यांना पंधरा दिवस झालेत. स्कंक त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. त्यांची चूक मी धरतच नाही. लहानपणी आम्हीही मुंगूस दिसलं की त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो. पण बाकीच्यांचं काय? काकूंनी त्या वासापायी अख्खा जून खिडक्या बंद ठेवल्या होत्या. काकू म्हणाल्या, "हो का? किती छान!" काका पंधरा वर्षं या देशात डॉक्टरकी करतायत. काका काय म्हणाले? "इकडची जात जरा काळी असते. पाठीवर पांढरा पट्टा असतो." माझा कानांवर विश्वास बसेना! आणि तो नरेंद्र, क्लीव्हलँडमध्ये तीन वर्षं काढलेला, त्याला तर वासानेच कळलं असणार. पण आईला लोकांसमोर खोटं कसं पाडायचं, म्हणून नुसतं, "आई, आत ये ना, थंडी आहे." मुलाकडच्या बाईला 'अहो, हे मुंगूस नाही' एवढं एक वाक्य सांगायची कोणाची छाती झाली नाही. प्रतिमाबाई काचेचं दार सरकवून डेकवर गेल्या, हात जोडून, त्याचं तोंड बघायला. आणि त्यांच्या मागून सगळे शहाणे, चांगले कपडे घालून, स्कंकचं दर्शन घ्यायला.

तेव्हा तू खाली आलीस. खालच्या फ्रिजमधून दूध न्यायला. मोरपिशी साडी, हातात त्या बांगड्या, आणि तुझ्या तोंडावर जूनमधलं हसू. मी म्हटलं, वर जाऊन सांग त्यांना, कोणाच्या तरी अंगावर येईल. तू दूध ड्रायरवर ठेवलंस, खिळ्यावरचा पट्टा काढलास, अंगणाचं दार उघडलंस आणि म्हणालीस, "जा, खंडू." मग माझ्याकडे वळून, "आता बघू या कोण मला पसंत करतं ते."

हे तू केलंस, वीणा. मी नाही. माझा गुन्हा एवढाच की पट्टा माझ्या बुटाजवळून सरपटत गेला आणि मी त्यावर पाय ठेवला नाही. ठेवला असता तर खंडू दारातच थांबला असता. मी ठेवला नाही, कारण मला आनंद झाला होता. मला वाटलं, ही माझ्यासाठी करतेय. आता वर जाऊन सांगेल, मला हे लग्न नको, मला कोण हवंय ते सांगेल. तू दूध घेऊन वर गेलीस, आणि थोड्याच वेळात खंडू फवारा खाऊन डेकच्या उघड्या दारातून घरात घुसला. मी जिना चढलो तो त्या आनंदात चढलो, आणि वर येऊन पाहतो तर तुझे बाबा माझ्याकडे बोट दाखवतायत.

केमिकलची भानगड मला आधी कळलीच नाही. नंतर ड्रायरवर बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. पाच मिनिटांपूर्वी ज्याला मुंगूस म्हणून हात जोडायला लावले, त्याच्या अंगातून हा वास आला असं कसं म्हणणार? मुंगूस शुभच राहायला हवं. मग वास कुणाचा? बेसमेंटमधल्याचा. हार्डवेअरच्या दुकानात काम करतो, तिथे केमिकलं असतात, झालं! काकांचं डोकं काय चाललं! मी तोंड उघडलं होतं. 'काका, तो स्कंक आहे आणि कुत्रा मी सोडला नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न आला असता, मग कोणी सोडला? म्हणून मी तुझ्याकडे पाहिलं. तू सांगशील म्हणून थांबलो. थांबलोच. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठे आपटआपट न करता उभा राहिलो आणि पहिल्यांदाच मला लाथ बसली. रात्री काका म्हणाले, बेसमेंट रिकामं कर.

आणि सोमवारी तो फोन. काकूंनी त्यानंतर तो मजकूर तीन मैत्रिणींना ऐकवला, म्हणून मला पाठ झालाय. प्रतिमाबाई म्हणाल्या, "एवढा गोंधळ झाला, पण तुमची मुलगी जागची हलली नाही हो. हातातला ट्रेसुद्धा डुगडुगला नाही. असा शांत स्वभाव आजकाल बघायला मिळतो का? आणि मुंगूस तर आपण सगळ्यांनी पाहिलंच." म्हणजे पसंत! ज्या गप्प बसण्याने मला घराबाहेर काढलं, त्याच गप्प बसण्यावर तू पास झालीस! मी जिन्याखाली हसलो. मग वॉशिंग मशीनला अशी लाथ मारली की अजून अंगठा सुजलेला आहे.

तरीही मी म्हटलं, ती नाही म्हणेल. काल सकाळी काकांनी विचारलं, "मग हो कळवू ना?" वर टोस्टवर सुरी फिरल्याचा आवाज आला. बराच वेळ फिरत होती. मग तू म्हणालीस, "ओके, बाबा." फक्त ओके. अगं, तुला नरेंद्र आवडला असता तर मी समजू शकलो असतो! संतापलो असतो, काहीतरी फोडलं असतं, पण समजलो असतो. तुला तो आवडलेला नाही. तुला फक्त सगळ्यांसमोर तोंड उघडायचं नाहीये. कुत्रा सोडायला तुझ्याकडे धीर आहे, वाक्य सोडायला नाही. मला वाटायचं या घरात एक तू वेगळी आहेस. तुझ्या आईबाबांनी मुंगूस म्हटलं तसं तू ओके म्हटलंस.

काल संध्याकाळी चालताना मी एकटाच होतो. खंडू तुझ्या खोलीच्या खिडकीखाली थांबला आणि पुढे यायलाच तयार नव्हता. मी त्याला ओढलं, मग मलाच लाज वाटली. त्याला जवळ घेतलं. अजून वास येतो त्याला. तुझी फार आठवण आली. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

आता हे पत्र का, ते सांगतो. आज सकाळी हॉस्पिटलला जाताना काका खाली आले होते. त्यांच्या लेटरहेडचे चार कोरे कागद आणि एक पाकीट माझ्या उशाशी ठेवलं. म्हणाले, "शनिवारी साखरपुडा आहे. त्याआधी प्रतिमाबाईंना माफीचं पत्र लिही. मी कुत्र्याला केमिकल लावलं, मला पश्चात्ताप होतो, एवढं लिही. मराठीत लिही, त्यांना बरं वाटेल. जेवणाच्या टेबलावर ठेव. मी रात्री वाचून पोस्ट करतो. मग तू राहा इथे, मी काही बोलणार नाही." मी हो म्हटलं. काका खूश झाले, माझ्या खांद्यावर थोपटलंसुद्धा. हे जे तू वाचतेयस, ते त्याच कागदांवर आहे. चारही संपले, दोन्ही बाजूंनी. पाकीट चिकटवलेलं नाही आणि वर कोणाचंच नाव घातलेलं नाही. बुधवारी तू चारला घरी येतेस, काकू साडेपाचला, काका सातला. म्हणजे तुझ्या हातात दीड तास आहे. फाडायचं असेल तर फाड. मी दुसरं लिहिणार नाही, कोणाला फोन करून सांगणार नाही, तू सुखाने क्लीव्हलँडला जा. पण फाडलं नाहीस, आहे तिथेच टेबलावर ठेवलंस, तर काका माफीचं पत्र समजून हेच वाचतील आणि तुला एक शब्दही बोलावा लागणार नाही. नुसतं खुर्चीत बसून राहायचं. ते तुला जमतं. बॉथेलची बस तीन दिवस घेते. माझे बाबा दारात उभं करतील की नाही, माहीत नाही. आईचा नंबर तुझ्याकडे आहे. बॅग भरलीय, खंडूला पाणी ठेवलंय. आता सही करतो, पाकीट मिठाच्या डबीला टेकवून उभं करतो, जिना चढून पुढच्या दाराने निघतो आणि दार बाहेरून ओढून घेतो.

तुझाच, अजूनही, आणि त्याचाच राग येतोय,
चारुदत्त