बदलापूर ते बंगळूर, व्हाया ग्राफिक कार्ड

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)
रविवार

आदरणीय कौसाआक्का,

धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम. दाजींनाही माझा जयभीम सांग. तुझे गुडघे कसे आहेत? तेल संपलं असेल तर कळव, अंबरनाथला मिळतं. (मागच्या वेळचं दाजींनी चुकून डोक्याला लावलं असं ऐकलं. केस आले असतील तर तेही कळव, दोन बाटल्या जास्त घेतो.) आम्ही इकडे ठणठणीत. मी तर विशेषच, कारण हल्ली मी विमान चालवतो. दचकू नकोस, सगळं सविस्तर सांगतो. फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवरचं बोलणं सगळ्यांच्या मालकीचं असतं.

अस्मिताचं पुढच्या महिन्यात बाळंतपण. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे लेकीने माहेरी यायचं, ते तिने माहेरालाच बंगळूरला बोलावलंय आणि आम्हा दोघांची विमानाची तिकिटं काढलीत. द्रौपदीने तिकिटं बघितली आणि म्हणाली, "मी चालत निघते, पोचेन वेळेवर." जत्रेतल्या पाळण्यात कधी न बसलेली बाई ती. पाय जमिनीला लागत नसले की तिचा जीव घाबरा होतो. आता माझं तुला माहीत आहे. सगळी नोकरी मी कारखान्यात छताजवळच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून काढली. (वरून मला सगळे फोरमन सारखेच टकले दिसायचे, त्यामुळे कोणाची भीती म्हणून वाटली नाही.) जावयांना अस्मिताने हे नक्कीच सांगितलं असणार. अशा माणसाची बायको विमानाला घाबरून राहिली आणि लेक तिकडे एकटी पडली, तर मी तोंड कुठे दाखवू?

तेव्हा मी ठरवलं, हिला आधी घरातच विमानात बसवायचं. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ येतो. खेळ नावाला, आत सगळं खऱ्यासारखं: काटे, बटणं, खाली खरे डोंगर, खऱ्या नद्या. चार वेळा खुर्चीतून बंगळूरला जाऊन आली की भीती पळते, हे साधं गणित. घरात अस्मिताचा कॉलेजचा कॉम्प्युटर होता, त्यात खेळ भरला. विमान धावपट्टीवर फोटोसारखं उभं राहिलं. मी बटण दाबायचो, चहाचा घोट घ्यायचो, मग ते एक पाऊल टाकायचं. द्रौपदी बराच वेळ बघत होती. म्हणाली, "एवढ्या हळू जात असेल तर बसते मी."

वरच्या मजल्यावरचा संतोष बँकेत आहे, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं. तो म्हणाला, काका, चांगल्या प्रोसेसरचा लॅपटॉप असला की बास, आणि मोठ्या मनाने स्वतःचा आणून दिला. त्यावर विमान उडालं, ढगांपर्यंत गेलं, आणि लॅपटॉपच्या पोटातून असा आवाज निघाला की द्रौपदी मिक्सर बंद करायला स्वयंपाकघरात धावली. मग तो तापला. संतोष त्याला नॅपकिनमध्ये धरून घेऊन गेला, चुलीवरची कढई उतरवावी तसा. त्यानंतर जिन्यात भेटला की तो फक्त हवामानावर बोलतो.

मग मी उल्हासनगर गाठलं. कॅम्प एकला मुकेशशेठचं दुकान आहे. माणूस सिंधी, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलतो आणि भाव तिन्ही भाषांत तोच ठेवतो. "साईं, काम काय करायचा आहे? बिलं बनवायची की पोरगा गेम खेळणार?" मी म्हटलं, "विमान उडवायचंय." "कोण उडवणार?" "बायको." त्यांनी आधी दोन चहा मागवले. मग तासभर समजावलं, आणि मी ते कारखान्याच्या भाषेत बसवून घेतलं. प्रोसेसर म्हणजे फोरमन. रॅम म्हणजे कामाचं टेबल, जेवढं मोठं तेवढं सामान मांडता येतं. आणि ग्राफिक कार्ड म्हणजे पेंटर; डोंगर, ढग, धावपट्टी एका सेकंदात तीस-चाळीस वेळा नव्याने रंगवणारा. संतोषच्या लॅपटॉपात फोरमन हुशार होता, पण पेंटरच नव्हता. बिचारा फोरमनच ब्रश घेऊन पळत होता, तापेल नाही तर काय!

मी म्हटलं, पेंटर सगळ्यात दांडगा द्या, टेबल बत्तीस जीबीचं द्या. शेठ म्हणाले, "इतना बडा कार्ड घेता तर पॉवर सप्लाय पण मोठा घ्या, साईं. छोटा नाही झेपणार." आता विजेतलं मला कोण सांगणार? मी म्हटलं, लहानच द्या, आणि त्याऐवजी हे सगळं ज्यात बसतं ती पेटी रंगीत दिव्यांची द्या. (पेटी सुरू केली की आमची बाहेरची खोली जयंतीच्या मंडपासारखी दिसते. शेजारच्या राजाबाई विचारायला आल्या, कोणाचं लग्न ठरलं?) घरी आणून सगळं जोडलं, द्रौपदीला शेजारी बसवलं. विमान धावलं, मी नाक वर केलं, चाकांनी जमीन सोडली आणि सगळं काळं. आवाज नाही, चित्र नाही, पेटीतले दिवेसुद्धा विझले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. जमीन सुटली की अंधार. द्रौपदी उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "बघा. हेच मी म्हणत होते."

खरं सांगतो आक्का, तेवढा एक क्षण माझा धीर सुटला. भीती घालवायला गेलो आणि पुरावा हातात दिला. पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने परत कॅम्प एकला गेलो. मुकेशशेठ वाईट बोलले नाहीत. "कार्ड भुकेला होता, साईं," एवढंच म्हणाले आणि त्याला पोटभर वीज देईल असा मोठा सप्लाय बसवून दिला.

त्यानंतर मात्र काय विचारतेस! मुंबईहून उडालो आणि द्रौपदीला घर दाखवायला बदलापूरकडे वळलो. हेंद्रेपाड्याच्या सगळ्या इमारती खेळवाल्यांनी एकाच साच्यातून काढल्यात, पण उल्हास नदीचं वळण अगदी बरोबर. "ते बघ आपलं घर" म्हणत मी वेग कमी करून वाकलो, आत कसला तरी भोंगा ओरडायला लागला आणि विमान चिखलोलीत शिरलं. (तिथे स्टेशन व्हायचंय, मी विमानतळ करून टाकला.) द्रौपदी ओरडेल असं वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "तो भोंगा वेग कमी झाला म्हणून ओरडत होता ना? मग तुम्ही नाक आणखी वर का ओढलंत? उठा जरा." बसली माझ्या खुर्चीत. शिलाई मशीनवर जन्म काढलेल्या बाईला वेग कमी-जास्त करायला शिकवावं लागत नाही. दोन-तीनदा आपटली, चुकचुकली, आणि चौथ्या खेपेला बंगळूरच्या धावपट्टीवर विमान असं टेकवलं, जशी ब्लाऊजला सरळ टीप घालावी. आता गिऱ्हाइकांना ब्लाऊज उशिरा मिळतात, पण भीतीचं नाव नाही. पंखाजवळची खिडकी हवी, म्हणते, उतरताना पंखाच्या मागच्या पट्ट्या, ते फ्लॅप, कधी उघडतात ते बघायचंय.

तेव्हा कामगिरी फत्ते. दाजींना सांग, कॉम्प्युटर घ्यायचा झाला तर आधी मला विचारा.

तुझा
धर्मराज

ता. क. आक्का, एक लहानसं काम. तू द्रौपदीला फोन करून सांग की तुलाही अस्मिताला भेटायला यायचंय, गुडघ्यांमुळे एकटीला जमत नाही, तर धर्मराजला सोबत पाठव. ती विमानाने पुढे जाईल, मी तुला घ्यायला मनमाडला येतो, आपण रेल्वेने मागून जाऊ. कारण विशेष काही नाही. एवढे दिवस खेळलो, पण मी एकदाही सुखरूप उतरलेलो नाही. आणि एका विमानात किती गोष्टी बिघडू शकतात, हे आधी मला माहीत नव्हतं. क्रेनही उंच असते, पण तिच्याखाली रूळ असतात गं. हे द्रौपदीला कळता कामा नये.

ता. क. २. आक्का, मी द्रौपदी. पाकिटाला डिंक लावायला ह्यांनी पत्र माझ्याच हातात दिलं. मी वाचलंय हे ह्यांना सांगू नका. अस्मिताला फोन करून तुमचंही तिकीट आमच्याच विमानाचं काढायला लावलंय. तुम्ही दोन दिवस आधी बदलापूरला या. ह्यांना मधल्या सीटवर बसवू. एक हात तुम्ही धरा, एक मी धरते. कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही दोघी घाबरतोय.