बुवांच्या आवाजाची शेपटी

बाबा, तुमचा तो लहान स्पीकर मी माळ्यावरून खाली काढला आहे. जेवणाच्या टेबलावर जुन्या टॉवेलावर ठेवलाय. त्याच्या कागदाला झुरळांनी कडेकडेने कुरतडलं आहे आणि वर ताणून बसवलेला फुगा इतका सुकला आहे की बोट लावलं तर तुकडे पडतात. आरशाचा तुकडा मात्र अजून तसाच चिकटलेला आहे, मधोमध नाही, जरासा डावीकडे. आईच्या पावडरच्या डब्यातला आरसा. तो फोडून तुम्ही नखाएवढा तुकडा घेतला होता आणि आई दोन दिवस विचारत होती, "माझ्या डब्याचो आरसो खंय गेलो?" तुम्ही पेपरमधून डोकं वर न काढता म्हणालात, "कामाक लागलो."

मी आता काय करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी ते करत नव्हते. बाबा, तुम्ही या स्पीकरवर जे केलंत, मी तेच करते. लेझरच्या किरणाने भिंतीवर आणि धुरात आकार काढते. तुमच्या स्पीकरच्या जागी आता दोन इवल्या मोटरी असतात, प्रत्येकीच्या टोकाला एक आरसा. एक आरसा किरणाला डावीउजवीकडे हलवतो, दुसरा वरखाली, आणि दोन्ही इतके भराभर हलतात की एकच ठिपका डोळ्याला अख्खी रेघ वाटतो. आरशांनी कसं हलायचं ते लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम सांगतो. लग्नांत आणि कंपन्यांच्या समारंभांत लोकांना भिंतीवर नावं हवी असतात, फुलं हवी असतात, ती मी काढून देते. पण माझा जीव ज्यात आहे त्यात कसलंच चित्र नसतं. पेटीवर दोन सूर एकत्र धरल्यावर कानाला जे होतं, ते तिथे डोळ्याला होतं. एक लाट आडवी घ्यायची, एक उभी घ्यायची, दोघींत किंचित फरक ठेवायचा, की भिंतीवर एक वेटोळं उमलतं, फिरतं, स्वतःतच गुंतून पुन्हा सुटतं. ते कशासारखंच नसतं. पहिल्यांदा एका मोठ्या सभागृहात ते पाहिलं तेव्हा शेजारची माणसं टाळ्या वाजवत होती आणि मला नारळाच्या ओल्या सोडणांच्या धुराचा वास येत होता.

तो दिवस मला पूर्ण आठवतो. मामा बोटीवरून सुट्टीला आला होता आणि त्याने तुम्हाला खिशातलं पेन दिलं होतं, दाबलं की लाल ठिपका पडणारं. तुम्ही बाजारपेठेतलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान दुपारीच बंद करून घरी आलात. स्वयंपाकघराच्या खिडकीला गोणपाट लावलं, दाराला घोंगडी. आई चुलीपुढे घामाघूम. तुम्ही चुलीत नारळाची ओली सोडणं सरकवलीत आणि खोली धुराने भरली. "मेलंय मी हयसर," आई खोकत म्हणाली. "जरा थांब गो, धुराशिवाय किरण दिसाचो नाय," तुम्ही म्हणालात. पेनाचं बटण चिकटपट्टीने दाबून धरलेलं, किरण आरशावर, आरशावरून समोर टांगलेल्या धुवट चादरीवर. आणि स्पीकरला जोडलेला दुकानातला माईक तुम्ही आईच्या तोंडापुढे धरता.

"काय बोलू मी?"

"कायपण बोल."

"आज बाजारात बांगडो गावाक नाय," आई म्हणते, फुग्यावरचा आरसा थरथरतो आणि चादरीवरचा ठिपका फुटून त्याची लाल दोरी होते, उसळते, वळते, शांत होते. मग हळूच, "असो दिसता माझो आवाज?" आणि माईक स्वतःच जवळ ओढून घेऊन ती सुरमई, पापलेट, पेडवे, सगळ्या माशांची नावं घेत बसते. भाजी करपली त्या दिवशी. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

मी वाकून आरशात बघायला गेले तेव्हा तुम्ही माझा हात इतक्या जोरात ओढलात की बांगडी फुटली. "किरणाच्या वाटेत डोळो नको. परत बघलंय तर हात लावूक दिवचंय नाय." एरवी तुम्ही आवाजही चढवत नव्हता. आज माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते, आणि सांगताना माझा आवाज तुमच्यासारखा होतो.

आणि ती शेपटी. आईने एकच सूर लांब धरला की चादरीवर जवळजवळ गोल यायचा, पण कधी मिटायचा नाही, टोकाला टोक जुळायचं नाही. डाव्या अंगाला हुकासारखा एक छोटा आकडा बाहेर राहायचा, थरथरत. तुम्ही फुगा बदललात, तुकडा उपटून पुन्हा चिकटवलात, स्पीकर फिरवून बघितलात. "ह्येची शेपटी काय जायना," असं तुम्ही रोज संध्याकाळी म्हणत होता. चतुर्थी जवळ आली तेव्हा शेपटीसकटच लावायचं ठरलं.

त्या चतुर्थीला भजनी मंडळी आपल्या घरी आली तेव्हा दिवेलागण होत होती. तुम्ही पेटीजवळ माईक ठेवला, आवाज दबावा म्हणून स्पीकर उशांमध्ये गुंडाळून मखराच्या बाजूला, आणि किरण वरच्या भिंतीवर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर. थोरल्या बुवांनी आलाप घेतला आणि धूपाच्या धुरातून भिंतीवर लाल वेटोळं उठलं. मंडळी बघतच राहिली. पखवाज थांबला. बुवांनी मान वर करून विचारलं, "ह्यां कसला चित्र?"

"चित्र नाय बुवा. तुमचो आवाज."

"माझो?" बुवा भिंतीकडे वळले. मग त्यांनी एक सूर धरला, लांब, आणि आकडा थरथरला. "माझ्या सुराक शेपटी आसा?" कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, झांजवाले, मागे बसलेल्या बायका, मीसुद्धा. तुम्ही सांगायचा प्रयत्न करत होता की दोष फुग्याचा आहे, आरशाचा आहे, पण हशात ते कोणाला ऐकू गेलं नाही. बुवांनी भजन पुरं केलं. काळ्या वाटाण्याची उसळ घेतली, चहा अर्धा ठेवला, आणि गेले.

पुढच्या चतुर्थीला मंडळी वाडीतल्या सगळ्या घरी गेली आणि आपल्याकडे आली नाही. शेजारच्या अंगणातून पखवाज ऐकू येत होता. आईने उसळ करून ठेवली होती. तुम्ही पायरीवर बसून होता, आणि मंडळी आपल्या बेड्यासमोरून, फाटकासमोरून पुढे गेली तेव्हा उठून आत आलात, म्हणालात, "माणसाक तेच्या सुरात खोट दाखवलंय मी. देवासमोर." दुसऱ्या दिवशी स्पीकर माळ्यावर गेला. त्याच्या पुढच्या वर्षी मंडळी पुन्हा येऊ लागली, पण तुम्ही माफी मागितली नाहीत आणि बुवांनी विषय काढला नाही. ते गेले, मग तुम्ही गेलात.

हे सगळं आज लिहायचं कारण या वर्षीची चतुर्थी. मी घरी येताना माझा छोटा प्रोजेक्टर बरोबर आणला. आईने प्रोजेक्टरची पेटी बघितली आणि ओळखलं. "नको गो लावू ता. मंडळी परत येवची नाय." मी तिला लॅपटॉपवर दाखवलं की आता आकार पूर्ण मिटतो. बुवांचा आवाज माईकमधून आत जाईल, प्रोग्रॅम त्यातला खडबडीतपणा गाळेल, आणि भिंतीवर येईल तो अगदी गुळगुळीत गोल. "शेपटी काढून टाकली आहे, आई." ती एकदा बघून आत निघून गेली. खरं सांगायचं तर मलाही तो आकार दुकानात टांगलेल्या बांगड्यांसारखा वाटला होता. पण तिच्या दारावरून मंडळी पुन्हा पुढे जाताना मला बघायची नव्हती.

आता थोरल्या बुवांचा मुलगा गातो, त्यालाच आता बुवा म्हणतात. तुमच्या वेळी तो पखवाजावर होता. त्याने सूर लावला, भिंतीवर हिरवी-निळी वर्तुळं उमलली, एकात एक. पोरं मोबाईल काढून उभी राहिली. आई स्वयंपाकघराच्या दारात, पदर मुठीत घट्ट धरून. गजर संपला, आणि बुवांनी पेटीवरचा हात उचलून भिंतीकडे बोट केलं.

"शेपटी खंय गेली?"

कोणालाच कळलं नाही. मला कळलं. मी म्हटलं, "ती काढली बुवा. तेव्हा थोरल्या बुवांना राग आला होता ना."

"राग?" बुवा माझ्याकडे वळले. "आबांका? कोणी सांगल्यान तुका?"

"त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही आलाच नाहीत."

बुवा हसायला लागले, आणि हसता हसता थांबले. "अगो बाय, त्या वर्षी आबांचो घसो बसलेलो. सगळीकडे तसोच गायले, आमी कोरसात झाकून घेतलो. पण हयसर येवक तयार नाय. म्हणाले, 'तेंच्या भिंतीर माझो बसलेलो आवाज दिसतलो. थयसर लपवूक गावाचा नाय.' काकांच्या मशीनीक भियाले ते." मग शेजारच्या झांजवाल्याला म्हणाले, "आणि शेपटी तर आबा सगळ्यांका सांगत. माझ्या सुराक शेपटी आसा, मी बघलंय, तुमच्या खंयच्या बुवाचो सूर कोणी बघल्यान काय?"

आई दारातच खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. पण ती हसत होती, तोंडावर पदर धरून, आणि डोळे पुसत होती. "पायरीर बसून रवले रे ते," ती म्हणाली. "उसळ तशीच रवली." बुवा उठून तिच्याजवळ गेले आणि तिच्या पायाशी वाकले. म्हणाले, "काकी, आज दोन वाट्या घाल." आणि जाताना मला, "पुढल्या वर्षी ही बांगड्यांची माळ नको हां. शेपटी घेऊन ये."

बाबा, थोरल्या बुवांनी तुमच्या यंत्रावर तुमच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला होता. तुम्हाला तो दोष वाटला, त्यांना तो स्वतःचा आवाज वाटला. हे तुम्हाला पायरीवरून उठायच्या आत कोणीतरी येऊन सांगायला हवं होतं. मंडळी बेड्यासमोरून जात होती, एका हाकेचं अंतर. तुम्ही हाक मारली नाहीत, त्यांनी मारली नाही. दोघेही एकाच भिंतीला घाबरलात.

तेव्हापासून मी शेपटी करून बघते आहे. प्रोग्रॅममध्ये लाटेला धक्का दिला तर आकार अंगावर डास बसल्यासारखा थरथरतो. आकडा वेगळा काढून जोडला तर जोडलेला दिसतो. म्हणून शेवटी तुमचा स्पीकर काढला. त्याचा कागद गेलाच आहे, म्हणून तसाच दुसरा स्पीकर मिळवला. बाजारातून फुगे आणले, आरशाचा तुकडा कापून घेतला, मुद्दाम डावीकडे चिकटवला. तरी वर्तुळ मिटतं. फुगा सैल केला, मिटतं. तुम्ही ती घालवायला इतकं झटलात आणि मी ती आणायला झटते आहे, आणि ती तेव्हा तुमचं ऐकत नव्हती तशी आता माझं ऐकत नाही. जुना स्पीकर मी टॉवेलासकट बाजूला ठेवलाय. त्यावरचा तुमचा तुकडा उपटून इथे लावावा असं रोज वाटतं, आणि हात होत नाही.

आई आतून हाक मारते, "इली काय गो शेपटी?"

मी म्हणते, इली. अजून आलेली नाही, बाबा.