बोर्डिंगातल्या बहिणी आणि आपली सोलं

प्रिय अक्का,

परवा तुझ्या घरी गेले होते. सुनेने कपाट उघडलं आणि म्हणाली, "मावशी, आईंची आठवण म्हणून कुठली साडी नेता?" मी साडी नाही, ते पुस्तक मागितलं. तीन बहिणी आणि त्यांचं बोर्डिंग! तू गेल्यापासून मला धड रडू आलं नव्हतं. पुस्तक हातात घेतलं आणि आलं. म्हणून हे लिहायला बसले.

मामाची मुलगी मे महिन्यात आली होती आणि ते आपल्याकडे विसरून मुंबईला गेली, आठवतं ना? साठ साल अजून यायचं होतं. तू सातवी होऊन केव्हाची घरी बसलेली, माझी सातवी नुकती झालेली. अंगणात रतांब्यांचा ढीग. आई, शेजारची काकी आणि मी ते फोडून कोकमाची सोलं काढत होतो, आणि तू उंबऱ्यावर बसून वाचायचीस. कामातून सुटायची काय नामी युक्ती काढलीस गं!

काय होतं त्या पुस्तकात? ना राजा, ना राक्षस. रिबिनीवरून भांडण, वर्गात अबोला, एकीला ताप आला की दुसऱ्या दोघींचा जीव वरखाली. पण आम्ही हातातलं काम सोडून ऐकायचो. केक म्हणजे काय, असं मी विचारलं, तर तू बेधडक म्हणालीस, "तवसाचा धोंडस!" काकडीचा तो गोड, भाजलेला धोंडस आईच्या हातचा मिळायचा, त्यामुळे बोर्डिंग मला एकदम घरचंच वाटायला लागलं. तुला तरी केक कुठे ठाऊक होता?

मग एकच प्रकरण उरलं. धाकटीवर शाळा सोडायची वेळ आलेली, आणि तू फटकन पुस्तक मिटलंस.

"फुडे काय झाला गो?" काकीने विचारलं.

"आधी आयेन सांगूक व्हया, शालूक हायस्कुलात धाडतली काय. मगेच वाचतलंय."

माझं नाव ऐकून आईचा हात थांबला. हायस्कूल खाडीपलीकडे, होडीने जायचं. वडील मुंबईला नोकरीत, घरचं सगळं तिच्याच अंगावर.

"चेडवांका हायस्कूल कित्याक व्हया? तू खंय गेलंस?"

मुलींना हायस्कूल कशाला, हे तिचं पालुपद. पण तू पुस्तक उघडलं नाहीस. काकीने मात्र आईचं डोकं खाऊन टाकलं. "अगो, धाड गो तेका एकदाचा! त्या चेडवाचा काय झाला ता कळल्याशिवाय माका जेवाण जावचा नाय!"

शेवटी आईलाच राहवेना. "वाच गो बाय, वाच! धाडतंय तेका. पण होडयेर पोचवूक तू जावचा."

मी आनंदाने ओरडले. तू उठलीस, पुस्तक माझ्या हातात दिलंस. "फुडला आता तू वाच." माझ्या हातातली सुरी घेतलीस आणि ढिगापाशी माझ्या जागेवर बसलीस. शेवटच्या पानावर माझ्या बोटांचे डाग अजून आहेत. धाकटीची शाळा सुटली नाही, हे वाचताना काकी रडली. तू मान खाली घालून रतांबे फोडत होतीस.

तुला नव्हतं का गं जायचं? तुझ्या लग्नानंतर एकदा विचारलं, तर "माका खंय वेळ होतो?" म्हणून हसलीस. त्या हसण्याचा मला राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण अक्का, मी जन्मभर शाळेत शिकवलं, ताठ मानेने जगले, ते तू पुस्तक मिटलंस म्हणून. तुझे उपकार मानायचे तरी कसे?

येत्या मे महिन्यात तुझ्या नातीला माझ्याकडे बोलावलंय. रतांबे सांगून ठेवलेत. पुस्तक तिच्या हातात देईन. अगदी शेवटच्या पानापर्यंत वाचायचं तिने. सोलं मी काढीन.

तुझी,
शालू