छातीत दुखत नाही

प्रिय ताईस, धाकटीचा नमस्कार आणि तुझ्या चिमणीला पापा.

मी बरी आहे. कारखान्यात आता कापड कापण्यावरून बटणांच्या टेबलावर आलेय, बसून काम असतं. का, ते तू विचारशीलच, म्हणून सांगते. पण हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

परवा तपासणी झाली. नवव्या वर्षी बसवलेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होत चालल्यात. "सोळा वर्षं साथ दिली, कमी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुन्या मिक्सरचं कौतुक करावं तसं. मी चिडलेच. दुसऱ्या हृदयासाठी यादीत नाव घातलंय, पण मिळेलच असं नाही. खोलीवर जाताना जिन्यात दोनदा बसते.

आईचा गुडघा कसा आहे? फोनवर ती दर वेळी एकच विचारते, "छातीत दुखत नाही ना गं?" हृदय बदलताना दुखणं कळवणाऱ्या नसा तुटतात, ताई. झटका आला तरी बहुतेक मला दुखणार नाही. हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

तेव्हा तिला सांग, अजिबात दुखत नाही. खुशाल माझ्या गळ्याची शपथ घे, खोटी ठरणार नाही.

तुझी,
अजूनही हट्टीच असलेली धाकटी