देक्सिओसचे खेकडे आणि माझं मत

मी, स्मीक्रोन, लुसिसचा मुलगा, राहणार कोलितोस वस्ती, अथेन्स, धंदा जोडे शिवण्याचा, वय एकाहत्तर. पाय गेले आहेत, डोकं जागेवर आहे. वैद्याला शंका असेल तर त्याने माझ्याशी भांडून बघावं. कुणाच्या दबावाखाली न येता आणि सकाळपासून दारूचा थेंबही न घेता पुढील व्यवस्था करून ठेवतो.

१. मला मुलगा नाही. आर्खिप्पे ही एकुलती एक मुलगी. मी असाच मेलो तर कायद्याने ती आणि हे घर जवळच्या नातलगाच्या, म्हणजे माझा चुलतभाऊ ओफेलास याच्या पदरात पडतील आणि तिला त्याच्याशीच लग्न करावं लागेल. ओफेलास साठीचा, तीन दातांचा, आणि आतापासूनच माझ्या अंगणाची मापं घेत फिरतो. म्हणून शेजारी देक्सिओस याचा धाकटा मुलगा फिलेआस याला मी दत्तक घेतो. त्याने आर्खिप्पेशी लग्न करावं; मुलगी असलेल्या घरात दत्तक आला की तिच्याशीच लग्न करायचं, असा आमच्याकडचा कायदा. दोघं भिंतीवरून काय बोलतात ते मला ऐकू येतं. म्हातारा झालो, बहिरा नाही. पण बापाने पोरगा द्यायला हवा, आणि तो बाप अठरा वर्षं माझ्याशी बोललेला नाही.

२. घर, आरी, रापी आणि कातड्याचा साठा फिलेआसला. पोराचे हात लाकडाचे आहेत. आर्खिप्पे शिकवेल.

३. ओफेलासला माझी नाट्यगृहातली उशी. चाळीस वर्षं अर्ध्या उशीवर तोच बसत आला, आता सगळी घे बाबा.

४. आता त्या भांडणाचं. अठरा वर्षांपूर्वी दिओनिसोसच्या उत्सवात एका विनोदी नाटकाचा नाचणारा-गाणारा चमू उभा करण्याची जबाबदारी देक्सिओसवर आली. चोवीस धट्टेकट्टे बाप्ये, सगळे खेकडे! हिवाळाभर आमच्याच अंगणात ते आडवं चालायला शिकले आणि माझी बायको, बिचारी, त्यांना मसुराची आमटी वाढत राहिली. नेमकी त्याच वर्षी परीक्षकाची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली.

नाटकाच्या दिवशी खेकडे आडवे आले, एकमेकांवर आदळले, आणि एक जण थेट देवाच्या पुजाऱ्याच्या मांडीत जाऊन पडला. लोकांनी टाचा आपटल्या, अंजिरं फेकली. मी देवाची शपथ घेतलेली. पाटीवर दुसऱ्याचं नाव लिहिलं. दहा परीक्षकांच्या पाट्या घड्यात टाकतात, त्यातल्या पाचच काढतात. देक्सिओस एका मताने हरला. घरी येताना मी त्याला म्हणालो, "अरे, मी तुझंच नाव लिहिलं होतं, पण माझी पाटी घड्यातच राहिली." साफ खोटं. माझी पाटी पहिलीच निघाली होती. त्या दिवसापासून त्याने तोंड फिरवलं ते फिरवलंच.

हे कळल्यावर तो पोरगा देईल का, मला ठाऊक नाही. न सांगता काम साधलं असतं. पण देवाच्या उत्सवातलं खोटं पोटात घेऊन खाली मेलेल्यांच्या राज्यात जायला मला भीती वाटते, आणि देक्सिओसची आठवण रोज येते.

५. माझ्या प्रेतापुढे ओफेलासने भाषण करू नये. तो राजाचं काम करणाऱ्या नटासारखे हात फिरवतो. एकदा त्यात आमचा दिवा फुटला आहे.

हा लेख देक्सिओसला बोलावून त्याच्यासमोर मोठ्याने वाचला.

ठिकाण: कोलितोस, अथेन्स. गामेलिओन महिना, सातवा दिवस.

लिहून ठेवणार: स्मीक्रोन

साक्षीदार: निकोन, कुंभार. म्हातारा शुद्धीवर आहे, मला दोनदा शिव्या दिल्या.

साक्षीदार: देक्सिओस, शेजारी. पाटीचं मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. राग मताचा नव्हता रे, गाढवा. खेकडे वाईटच होते. पण लोक अंजिरं फेकत होते तेव्हा मी फक्त तुझ्या तोंडाकडे बघत होतो, आणि तू दगडासारखा बसून राहिलास. एकदा तरी हसायचंस. पोरगा दिला. लग्न याच महिन्यात करू. तोवर मरायचं नाही.