पेंढ्याच्या शेडचं कॅथेड्रल

काशीगाव, ४ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या बागेत फोन लागत नाही, म्हणून लिहितेय. आंबे वेळेवर पाठवलेस, स्वतः मात्र आला नाहीस.

बाबांची काळजी वाटते. चर्चवाले आपल्या जुन्या भातशेतातल्या ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलचा इतिहास छापतायत. केरळच्या नर्स आणि कारखान्यातली माणसं, त्यांना रविवारच्या प्रार्थनेला जागा नव्हती, तेव्हा बाबांनी पेंढ्याची शेड दिली. तिथून छोटं चर्च झालं, मग बिशपांचं कॅथेड्रल. ते बांधताना शेड पाडली आणि बाबांनी तिथल्या फादर कोशींशी बोलणंच टाकलं. रोज आपल्या ओट्यावर चहा पिणारा माणूस तो!

फादर आता थकलेत, कोट्टायमला कायमचे परत चाललेत. जाण्याआधी त्यांना बाबांना भेटायचंय. बाबा नाही म्हणतात. तुझं ऐकतात ते. चार ओळी लिही ना.

तुझी धाकटी,
शुभदा

देवगड, १५ ऑगस्ट

प्रिय शुभदास,
अनेक आशीर्वाद.

बाबांना कुणी सांगायला गेलं की ते जास्तच अडतात. म्हणून लिहीत नाही. गणपतीत येतोय, तेव्हा दोघांना समोरासमोर बसवतो. फादर तोवर कुठे पळतायत? तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
बबनदादा

काशीगाव, १ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फादर कोशी गावी गेले आणि आठवड्यात वारले. आज कॅथेड्रलमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होती, तिला बाबा आपणहून निघाले. मी सोबत होते. चपला काढून पहिल्यांदाच आत शिरले आणि नव्या फादरना विचारलं, आमची शेड नेमकी कुठे होती? त्यांनी पडद्याआडच्या वेदीकडे बोट दाखवलं. शेडची जमीन तशीच राखून फादर कोशींनी तिच्यावरच वेदी बांधून घेतली होती. हेच सांगायला ते आपल्या दारी येत होते म्हणे. बाबा आतूनच निरोप द्यायचे, घरात न्हाय म्हणून.

बाबा तिथेच फरशीवर बसले. "मंग आपुन भांडलो कशाला?" एवढंच म्हणाले.

तू ये. मी रागावले नाहीये. नुसता बाबांपाशी बस.

लोभ आहेच, तो वेळेवर पोचावा.

तुझी,
शुभदा