शनिवारी चालणारी स्कूटर

२८ सप्टेंबर, रविवार
गाडी आली. टेम्पोवाल्याने गेटबाहेरच उतरवली, सही घेतली आणि निघून गेला. खोका एवढा मोठा की सोसायटीत सगळ्यांना फ्रीज वाटला. वरच्या मजल्यावरचे श्रीपाद काका (मोरिवलीच्या कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर) गॅलरीतून विचारत होते, डबल डोअर आहे का. मी सांगितले, इलेक्ट्रिक स्कूटर आहे, ऑनलाइन घेतली. ते म्हणाले, स्कूटर खोक्यातून येत नसते, शोरूममधून येते. वयस्कर माणूस आहे. वाद घातला नाही.

ही रोजनिशी आजपासून. तांत्रिक नोंदी राहाव्यात म्हणून.

गाडी का घेतली तेही लिहून ठेवतो. कॅम्प तीनला आमच्या जीन्सच्या कारखान्यात मी चेकिंगला आहे. १ नोव्हेंबरपासून शेठ मोरिवलीला फिनिशिंगचे नवे युनिट सुरू करणार. दोन्हीकडे ये-जा करायला एक सुपरवायझर लागणार. शेठ सिंधी आहेत, मला 'पुट' म्हणजे बेटा म्हणतात. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितले, "पुट, काम तेरा साफ है। पर गाडी होगी तो तू, नहीं तो सुजित।" सुजितकडे मोटरसायकल आहे. बाकी काही नाही. परवा त्याने उलटी चेन लावलेली पँट पास केली.

२९ सप्टेंबर, रात्री
खोका उघडला. पुढचे चाक, हॅण्डल, मडगार्ड, आरसे, बॅटरी सुटे. जाहिरातीत लिहिले होते, 'घरी सहज जोडा'. सोबतच्या पुस्तिकेत शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुका. आधी त्या लाल पेनने दुरुस्त केल्या. त्यात वेळ गेला. जोडणी उद्या.

आयटीआयला मी इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला होता. पूर्ण करू शकलो नाही, परिस्थिती आडवी आली. परिस्थिती म्हणजे प्रॅक्टिकलचे सर. पण पाया पक्का आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार
जोडणी पूर्ण. हॅण्डल किंचित डावीकडे बसले आहे, पण उजवीकडे धरले की सरळ होते. दोन बोल्ट आणि एक वायसर उरले. कंपनीने स्पेअर दिलेले दिसतात, चांगली पद्धत आहे. बडीशेपच्या डबीत ठेवले.

सुजितने व्हॉट्सॲपवर फोटो पाहिला. म्हणाला, छान आहे, पायडल कुठे आहेत. ही गाडी ताशी पंचवीसच्या वर जात नाही, म्हणून तिला लायसन्स लागत नाही. मी मुद्दामच ही निवडली. लायसन्सच्या टेस्टबद्दल माझे वेगळे मत आहे. मागच्या वर्षी माझे नाव पुकारले तेव्हा मी पाणी प्यायला गेलो होतो.

आई म्हणाली, उद्या दसरा आहे, पूजा झाल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. मलाही तशी घाई नव्हती.

२ ऑक्टोबर, दसरा
पूजा झाली. झेंडूचा हार, हळदकुंकू, स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. नारळ मी गाडीपासून लांब फोडला. पाणी उडून शॉर्टसर्किट होऊ शकते, हे इथे फार कमी लोकांना माहीत आहे.

आईने नजर लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात लिंबू-मिरची आणली होती. लोक नंबर प्लेटला बांधतात, पण या गाडीला नंबर प्लेटच नाही. आई हेडलाइटपुढे लटकवणार होती. मी थांबवले. उजेड अडतो. मी जागा दाखवली: हॅण्डलला, डाव्या बाजूला, आणि घट्ट गुंडाळ, चालताना झोके खाता कामा नयेत. आईने मूठ आणि ब्रेकची दांडी एकत्र धरून चांगले पाच-सहा वेढे दिले. माझी आई कुठलेही काम ढिले करत नाही.

नंतर चावी फिरवली. डिस्प्ले लागला. हॉर्न उत्तम. मागचा लाल दिवा एकदम लखलखीत. श्रीपाद काकांनी टाळ्या वाजवल्या. ॲक्सिलरेटर फिरवला. गाडी जागची हलली नाही.

आई म्हणाली, नवीन आहे, लाजत असेल.

३ ऑक्टोबर
हलत नाही. व्हिडिओ पाहिले. बॅटरीच्या टोकांवर धूळ असू शकते.

४ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी
यश. आई जुनी लिंबू-मिरची काढून नाक्यावर टाकायला आणि नवीन घ्यायला गेली होती. तेवढ्या वेळात मी बॅटरीची टोके माझ्या जुन्या बनियनने पुसली आणि गाडी चालली. पाण्याच्या पंपापासून शेवग्याच्या झाडापर्यंत. मी शेजारून धावत होतो. पहिल्या खेपेला बसणे योग्य नव्हते.

आई परत आली, तिने नवीन बांधली. मी कामावर गेलो. शेठना सांगितले, गाडी ओके. शेठ म्हणाले, बढिया. 

रात्री
हलत नाही. पुन्हा पुसली. बनियन बदलून पाहिले.

६ ऑक्टोबर
कस्टमर केअरला फोन. कीर्ती मॅडम म्हणून आहेत, बोलणे फार नम्र. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, सर, ब्रेक दाबलेला आहे का, कारण ब्रेक थोडा जरी दाबलेला असला तर मोटर चालत नाही आणि मागचा लाल दिवा लागून राहतो. मी सांगितले, मॅडम, मी ब्रेकला बोटही लावलेले नाही. अगदी खरे आहे. तांत्रिक ज्ञान असलेल्या माणसाला असले प्राथमिक प्रश्न विचारू नयेत, एवढे मात्र मी नम्रपणे सुचवले. त्या सॉरी म्हणाल्या आणि तक्रारीचे तिकीट नोंदवून घेतले.

लाल दिव्याची त्यांच्याकडे तारीफ केली. दिवसासुद्धा लखलखीत असतो.

११ ऑक्टोबर, शनिवार
पुन्हा चालली! आई लिंबू-मिरची बदलायला गेली होती, मी चार्जरचा पिन स्वयंपाकघरातून काढून हॉलच्या बोर्डावर लावून पाहिला होता. म्हणजे दोष स्वयंपाकघराच्या वायरिंगमध्ये होता. या वेळी बसलो. हेल्मेट, बूट, फुल बाह्यांचा शर्ट. शेवग्याच्या झाडाला वळसा घातला. पाय खाली घासत ठेवले होते, ती सुरक्षेची पद्धत आहे. काका वरून म्हणाले, पाय उचल रे, स्कूटर आहे, होडी नाही.

दुपारपासून बंद. हॉलच्या वायरिंगमध्येही दोष आहे.

१४ ऑक्टोबर
सुजितने सगळ्यांसमोर विचारले, गाडी कुठे आहे, कारखान्यात कधी आणणार. मी म्हणालो, टेस्टिंग सुरू आहे. तो म्हणाला, "टेस्टिंग म्हणजे देवाला नवस बोललायस काय?" पोरे हसली. मी त्याच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात तीन डिफेक्ट काढून दिले.

निश्चय: रोज पहाटे उठून गाडीचा अभ्यास.

१५ ऑक्टोबर
उठलो नाही. उद्यापासून.

१८ ऑक्टोबर, शनिवार
आता शंका उरली नाही. आज मी काहीही केले नव्हते. फक्त चावी फिरवली. आई नाक्यावर गेली होती आणि गाडी चालली. तिसरा शनिवार. ती आली, बांधून झाले, आणि बंद.

निष्कर्ष: ही गाडी शनिवारी सकाळी चालते.

कारण शोधायचे आहे. शनिवारी आमच्या भागात व्होल्टेज वेगळे असावे. आईला विचारले. ती म्हणाली, शनीचा वार आहे, त्याचीच कृपा. मी अंधश्रद्धा मानत नाही, पण तारखा तर जुळत आहेत.

शेठना विचारून पाहिले की सुपरवायझरची फेरी फक्त शनिवारी ठेवता येईल का.  शेठ म्हणाले, "तू चरियो है क्या?" चरियो म्हणजे वेडा, सिंधीत. पण आवाजात माया होती.

२२ ऑक्टोबर
दिवाळीची सुट्टी. आईने गाडीलाही उटणे लावायचे म्हटले. नको म्हणालो. तिने स्कूटरसमोर पणती ठेवली. मी अग्निसुरक्षा म्हणून बाजूला सरकवली. तिने परत ठेवली.

जेवताना आई म्हणाली, कैलास, सुपरवायझर झालास तर मी पापड लाटायला जायचे बंद करीन, खांदा उचलत नाही आता. सहज म्हणाली. पुन्हा भात वाढला.

मी दुसऱ्यांदा भात घेत नाही. आज घेतला.

२५ ऑक्टोबर, शनिवार
चाचणी होऊ शकली नाही. काल रात्री मी कंट्रोलरचे झाकण उघडले, ते बंद होईना. आज बसवले. आता तीन स्क्रू उरले. डबीत जागा नाही, बडीशेप काढून टाकली.

२९ ऑक्टोबर
मी कामावर असताना कंपनीचा मेकॅनिक येऊन गेला. आईने सांगितले, फार सालस मुलगा, त्याने चपला काढून लिंबू-मिरची सोडली, हात जोडले, गाडी खूप फिरवली, हॅण्डल सरळ केले, डबीतले सगळे बोल्ट जागच्या जागी लावले, चहा घेतला आणि म्हणाला, गाडीला काहीही झालेले नाही. तो गेल्यावर आईने पुन्हा घट्ट बांधली.

रात्री चावी फिरवली. बंद.

कीर्ती मॅडमना फोन केला. बुधवारी चाललीच कशी, हे स्पष्टीकरण मागितले. माझ्या शनिवारच्या निष्कर्षाचे त्याने नुकसान केले आहे. मॅडम म्हणाल्या, सर, तुमचे तिकीट क्लोज झाले आहे. इतका कोरडा आवाज त्यांचा कधी नव्हता.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
शेठनी सांगितले, उद्या दहाला मोरिवलीच्या गेटवर गाडी घेऊन उभा राहा. नाहीतर नव्या युनिटची चावी सुजितला.

उद्या शनिवार आहे. मला भीती वाटत नाही. ठरवलेला रस्ता पुन्हा एकदा मनात पाहिला: कुळगाव, मग हायवे, मग एमआयडीसीचा फाटा. फाट्यावर केमिकलचे टँकर वळतात. आरसे नीट बसवले आहेत, त्यामुळे मागून येणारे टँकर स्पष्ट दिसतील.

हाताला घाम येतो आहे. उकाडा आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी
आईने जुनी लिंबू-मिरची काढली. लिंबू-मिरचीवाला अजून आला नव्हता, म्हणून ती नाक्यावर थांबून राहिली. गाडी सुरू. शेवग्याला वळसे घातले, पाय वर घेऊन. गाडी थांबेना. काका गॅलरीत येऊन म्हणाले, वा रे पठ्ठ्या. हा या गाडीचा सर्वांत मोठा प्रवास.

मग आई आली. मी गाडीवर बसलेला असतानाच तिने डाव्या मुठीला दोरा गुंडाळायला घेतला. एक वेढा, दोन वेढे. तिसऱ्याला ब्रेकची दांडी मुठीकडे ओढली गेली, मागे लाल दिवा लागला आणि मोटर गप्प झाली.

मी म्हणालो, सोड. तिने सोडला. चालली. म्हणालो, बांध. बंद. काका वरून बघत होते. ते म्हणाले, "अरे देवा. महिनाभर ब्रेक बांधून ठेवलास होय रे?"

मी त्यांना सांगितले की दोष शोधून काढला आहे.

आई लिंबू-मिरची हातात धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, मेलं माझ्यामुळंच झालं की रे सगळं. मी म्हणालो, जागा मीच दाखवली होती. मग ती हसली. दहीसाखर हातावर ठेवली. जा आता, म्हणाली, वेळ आहे अजून.

वेळ होता. चार्जिंग फुल होते. हॅण्डल सरळ होते. गेटपर्यंत चालवत नेली.

गेटबाहेर हायवेकडे जाणारा रस्ता. एक टँकर गेला. त्यामागे डंपर. त्याच्या वाऱ्याने माझा शर्ट हलला. मी थांबलो, मोकळा रस्ता मिळावा म्हणून. तेवढ्यात शाळेची बस. मग आणखी एक टँकर. मागून आईने हाक मारली, काय झालं रे? मी हात केला, थांब म्हणून. एका रिक्षावाल्याने जाता जाता विचारले, बंद पडली का. 

मग गाडी वळवून आणली. पाय खाली ठेवून.

दुपारी
नोंद पूर्ण करतो. नवीन गाडी लिंबू-मिरचीशिवाय रस्त्यावर नेणे बरे नाही, या बाबतीत आईचे मत बरोबर आहे. ती म्हणत होती, पुढे कुठेतरी बांधू, आरशाला बांधू. मी म्हणालो, आरशात अडथळा येतो. दोरा तिच्या हातातून घेतला. मूठ आणि दांडी एकत्र धरून मीच बांधला. तिच्यापेक्षा एक वेढा जास्त. चावी फिरवून तपासले. लाल दिवा लखलखीत.

 आईने पापडांची पिशवी खांद्याला लावली, दुसऱ्या खांद्याला, आणि गेली.

शेठना फोन करून सांगितले, गाडी बंद पडली आहे, टेक्निकल आहे. ते म्हणाले, ठीक है पुट, चावी सुजितला देतो. पुट मात्र म्हणाले.

शेअर रिक्षाने कामावर गेलो. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, साहेब, इतका पण खराब चालवत नाही मी. तेव्हा लक्षात आले, हेल्मेट डोक्यावरच होते.

काढले नाही. फाटा यायचा होता.